धुऱ्यावरचा वैमानिक

गोंदिया जिल्ह्यात उडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक उत्तरेला, बिरसीच्या धावपट्टीवर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेल्या या धावपट्टीवर आज व्यावसायिक वैमानिक घडवणारी संस्था चालते. छोट्या शिकाऊ विमानात प्रशिक्षकाच्या शेजारी बसून विशीतली मुलंमुली इथे पहिल्यांदा जमीन सोडतात. पट्टा आवळायचा, कानावर हेडफोन चढवायचे, नियंत्रण कक्षाची परवानगी घ्यायची आणि मग विमानासोबत आपणही वर जायचं.

दुसरी तऱ्हा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ गाढवी नदीवर इटियाडोहचं मातीचं धरण आहे. १९७० साली ते पूर्ण झालं. त्याचं पाणी नहरांनी गोंदिया आणि पलीकडच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्यांत पोचतं. बिरसीपासून हे ठिकाण सरळ रेषेतही सत्तर किलोमीटरांहून लांब. या पट्ट्यात, धान उभं असताना, जे यंत्र बांधीवर घोंघावत जातं त्याचा वैमानिक यंत्रात नसतो. तो धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा असतो. पायात चपला, हातात दोन दांड्यांचा रिमोट आणि डोळे वर.

‘मानवविरहित विमान’ आणि ‘चालकविरहित मोटार’ हे शब्द वर्तमानपत्रांनी रूढ केले. दोन्ही शब्द थोडे फसवे आहेत. माणूस कुठे जात नाही. फक्त त्याची जागा बदलते. विमानातला माणूस धुऱ्यावर येतो, मोटारीतला माणूस दूरच्या एखाद्या खोलीत पडद्यासमोर बसतो. या यंत्रांचं भवितव्य काय, असं विचारताना खरा प्रश्न असतो तो हा, की माणूस किती लांब जाऊ शकतो आणि कुठल्या वाटेवर त्याला यंत्राच्या जवळच राहावं लागतं. त्याचं उत्तर शोधायला इटियाडोहचा परिसर सोयीचा आहे. इथे मोकळं आकाश आहे, चिखलाची बांधी आहे, दाट जंगल आहे आणि गाईम्हशींनी भरलेला रस्ताही आहे.

नर मधमाशीचं नाव

दुरून यंत्र चालवायची कल्पना विमानाहूनही जुनी. १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक लहानशी नाव सोडली आणि रेडिओ लहरींनी ती हवी तशी वळवून दाखवली. राइट बंधूंचं विमान त्यानंतर पाच वर्षांनी उडालं. १९३५ साली ब्रिटिशांनी ‘क्वीन बी’ नावाचं वैमानिकाशिवाय उडणारं विमान तयार केलं. तोफखान्याच्या सरावासाठी हवेत फिरतं निशाण हवं होतं, त्यात माणूस बसवता येत नव्हता. ‘राणी माशी’ असा या नावाचा अर्थ. त्यावरूनच पुढे अशा विमानांना ‘ड्रोन’ म्हणजे नर मधमाशी म्हणू लागले, असं मानलं जातं. मराठीने हा शब्द तसाच घेतला. बांधीवरून जाणाऱ्या फवारणी यंत्राचा आवाज ऐकला की नाव चुकलं नाही हे पटतं.

महाराष्ट्रात ड्रोन घराघरात पोचला तो मात्र सिनेमातून. २००९ च्या अखेरीस आलेल्या ‘थ्री इडियट्स’मध्ये वसतिगृहाच्या खिडकीबाहेर तरंगणारं चार पंख्यांचं यंत्र अनेकांनी पहिल्यांदा पाहिलं. दिग्दर्शक राजकुमार हिरानी नागपूरचे. यंत्र बनवणारे तरुण आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेले. त्यांनी २००७ साली ‘आयडियाफोर्ज’ ही कंपनी काढली होती. संरक्षण संशोधन संस्थेबरोबर तिने घडवलेल्या ‘नेत्र’ या ड्रोनचा २०१३ च्या उत्तराखंडातल्या महापुरात अडकलेली माणसं शोधायला उपयोग झाला. नवी मुंबईतली ही कंपनी २०२३ साली शेअर बाजारात उतरली. पडद्यावरच्या खेळण्यापासून बाजारापर्यंत जेमतेम चौदा वर्षं.

शासनाच्या दप्तरात ड्रोन शिरला तो पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातून. सोनोरी गावात गावठाणाची मोजणी ड्रोनने करून पाहण्यात आली. शेताचा सातबारा असतो, पण गावठाणातल्या घराचा कागद बहुतेक गावांत नव्हताच; साखळी घेऊन गल्लीबोळ मोजायचे तर वर्षं लागायची. चुन्याने हद्दी आखायच्या, वरून छायाचित्रं घ्यायची आणि त्यांवरून नकाशा तयार करायचा, ही पद्धत जमली. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने ‘स्वामित्व’ योजना देशभरासाठी जाहीर केली. ज्यांच्या हाती मिळकत पत्रिका आली, त्यांच्यासाठी ड्रोन म्हणजे उडणारं खेळणं उरलं नाही. बँकेत तारण ठेवता येईल असा कागद त्याने आणून दिला.

दहा लिटरचं गणित

आता बांधीवर येऊ. रोवणी होऊन दोन महिने होत आलेत, धान गर्भात आहे, बांधीत पाणी साचलेलं. अशा वेळी तुडतुडे लागले तर पाठीवर पंप घेऊन चिखलात उतरावं लागतं. एका एकराला दीडशे ते दोनशे लिटर द्रावण लागतं, म्हणजे पंधरा-सोळा लिटरचा पंप दहा-बारा वेळा भरायचा, पाठीवर चढवायचा आणि छातीपर्यंत आलेल्या धानातून औषधाच्या धुक्यात चालायचं. या कामाची किंमत विदर्भाने मोजलेली आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले.

ड्रोनची टाकी साधारण दहा लिटरची, आणि तेवढ्यात एकर होतो. वेळ लागतो पाच ते दहा मिनिटं. पाणी इतकं कमी कसं पुरतं? कारण थेंब फार बारीक असतात आणि पंख्यांचा वारा त्यांना खाली दाबतो. ड्रोन पिकाच्या वर माणसाच्या उंचीएवढ्या अंतरावरून जातो तेव्हा त्याच्याखालचं धान वाटीसारखं उघडतं आणि तो पुढे सरकला की पुन्हा मिटतं. तुडतुडे पानावर नसतात, बुंध्याशी असतात. धान उघडलं तरच औषध तिथवर पोचतं. ड्रोन उंच नेला किंवा घाईने पळवला की वरचं पान भिजतं आणि बुंधा कोरडा राहतो. धुऱ्यावरच्या वैमानिकाचं कसब याच फरकात आहे.

यंत्र हवेत स्थिर कसं राहतं, हेही जवळून पाहण्यासारखं. त्याला पंख नाहीत, शेपूट नाही. चार किंवा सहा मोटारी, प्रत्येकीवर एक पंखा. शेजारचे पंखे एकमेकांच्या उलट फिरतात, नाहीतर सगळं यंत्रच भोवऱ्यासारखं गरगरेल. आत नखाएवढ्या चिपमध्ये जायरोस्कोप असतो. यंत्र किती कललं हे तो सेकंदाला शेकडो वेळा सांगतो आणि त्याप्रमाणे प्रत्येक मोटारीचा वेग कमीजास्त होतो. धुऱ्यावरच्या माणसाला तोल सांभाळावा लागत नाही. तो फक्त ‘पुढे चल’, ‘डावीकडे सरक’ एवढंच सांगतो. ठिकाण कळतं उपग्रहांकडून. आधी बांधीचे कोपरे नोंदवायचे, मग यंत्र स्वतःच रेघा आखतं, नांगराच्या तासांसारखं जातं आणि येतं. टाकी रिकामी झाली किंवा बॅटरी उतरली की निघाल्या जागी परत येतं.

कागदावर हे सोपं. पण पंजाबच्या चौकोनी शेतासारखी झाडीपट्टीची, म्हणजे या पूर्व विदर्भाची, बांधी नसते. ती लहान, वाकडीतिकडी, उतारावर पायऱ्यांसारखी. धुऱ्यावर तूर लावलेली, कोपऱ्यात मोहाचं झाड, मधूनच बोडी म्हणजे लहान तळं आणि वरून गेलेली विजेची तार. पूर्ण स्वयंचलित उड्डाणाला हे सगळं अडथळ्यांचं मैदान. म्हणून इथे यंत्राने रेघा आखल्या तरी माणसाचं बोट दांडीवरून निघत नाही.

केंद्राने २०२३ साली मंजूर केलेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत बचत गटाला ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान ठरलं. तरतूद १,२६१ कोटींची. खत कंपन्यांनी २०२३-२४ मध्ये स्वतःच्या पैशातून १,०९४ ड्रोन बचत गटांच्या महिलांना दिले. प्रशिक्षण पंधरा दिवसांचं: पाच दिवस उडवण्याचं, दहा दिवस खत-औषध फवारणीचं. या योजनेच्या संचात काय काय येतं ते पाहिलं की धंद्याचं खरं रूप कळतं. ड्रोनबरोबर बॅटरीचे चार जादा संच येतात, कारण भरलेली टाकी उचलून एक बॅटरी फार तर दहा-पंधरा मिनिटं टिकते. वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र येतं, कारण वारा सुटला की फवारणी थांबवायची असते. पाण्याचा सामू तपासायचा मीटर येतो, कारण विहिरीच्या आणि नहराच्या पाण्यात औषध सारखं टिकत नाही. उडवणं हा या कामाचा निम्मा भागच आहे. उरलेला निम्मा चार्जिंगचा, पाण्याचा आणि वाऱ्याचा.

वाऱ्याचा मुद्दा इटियाडोहच्या परिसरात जास्तच नाजूक. बारीक थेंब वाऱ्यावर वाहत जातात आणि बांधीच्या पलीकडे बोडी असते, तलाव असतो. त्यांत ढिवर समाजाची मासेमारी चालते. दहा लिटरमध्ये एकराचं औषध मिसळलेलं असल्याने द्रावण तीव्र असतं; ते चुकून पाण्यावर गेलं तर मासोळीला भोवतं. केंद्राच्या कृषी खात्याने डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोन फवारणीची कार्यपद्धती ठरवून दिली, २०२२ मध्ये ४७७ कीटकनाशकांना ड्रोनमधून वापरण्याची तात्पुरती परवानगीही दिली. पण कागदावरच्या नियमाला वाऱ्याची दिशा कळत नाही. ती धुऱ्यावर उभ्या असलेल्या बाईलाच कळते.

रात्री हत्ती शोधणारा डोळा

२०२१ साली छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळप गडचिरोली जिल्ह्यात उतरला आणि पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता अर्जुनी मोरगाव तालुक्यात शिरला. वाघ-बिबट्यांची सवय असलेल्या या भागाला हत्ती नवखे होते. धानाचं नुकसान झालं, जंगलाकाठची घरं मोडली. वीस-बावीस हत्तींचा कळप दिवसा दाट झाडीत उभा राहिला तर शंभर पावलांवरून दिसत नाही, आणि रात्री तो कुठल्या गावाच्या दिशेने निघाला हे कळायला माग काढणाऱ्या माणसाला जीव धोक्यात घालावा लागतो.

वन विभागाने इथे उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेले ड्रोन वापरले. अंधारात थंड झालेल्या जंगलावर हत्तीचं गरम शरीर पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यासारखं उमटतं. ठिपके मोजले की कळप कळतो, ठिपके सरकले की दिशा कळते, आणि त्या दिशेच्या गावाला वेळेवर निरोप जातो. हत्तीला हाकलायचं काम ड्रोन करत नाही. तो फक्त माणसाला योग्य ठिकाणी आणि योग्य अंतरावर उभं करतो.

त्याच्याही मर्यादा आहेत. पावसाळ्यात साग, ऐन, बांबू यांचं छत इतकं दाट होतं की उष्णतेचा ठिपकाही पानांआड जातो. मोबाइलचं नेटवर्क दर दोन मैलांवर तुटतं. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि नवेगाव-नागझिरा इथून जवळच आहे.

उडवण्याचे सर्वसाधारण नियम मात्र पूर्वीपेक्षा खूप सुटसुटीत झालेत. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे तीन रंग केले. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रकाची लागते, लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या संमतीशिवाय पान हलत नाही. विमानतळाभोवतीचा पिवळा पट्टा पूर्वी ४५ किलोमीटरांचा होता, तो १२ वर आला. बिरसीजवळच्या शेतकऱ्याला म्हणूनच नकाशा पाहावा लागतो. इटियाडोहजवळच्या शेतकऱ्याला विमानतळाची अडचण नाही, जंगलाची आहे. वजनाचेही वर्ग ठरले. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, दोन किलोपर्यंतचा सूक्ष्म आणि पुढे चढत १५० किलोंहून जडपर्यंत. फवारणीचा ड्रोन भरल्या टाकीसह बहुधा २५ किलोंच्या आतला, म्हणजे ‘लहान’ वर्गातला.

नियम सुटसुटीत झाले तरी भीती जात नाही. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या आणि पुणे जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत रात्री आकाशात दिवे फिरताना दिसले. चोर ड्रोनने घरं हेरतात अशी अफवा पसरली, लोकांनी रात्री जागून गस्ती घातल्या. वर काय उडतंय आणि कोण उडवतंय हे गावाला कळत नसेल, तर चांगल्या कामाचा ड्रोनही दगड खाऊ शकतो.

औषधाची पेटी

पावसाळ्यात गडचिरोलीतल्या भामरागडजवळ पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचा जगाशी संपर्क तुटतो. इथे रस्ता बांधण्याइतकाच रस्ता टाळण्याचा विचार करावा लागतो. तसा प्रयोग झालाही आहे. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या जव्हारहून झाप या आदिवासी गावाला कोविड लशीच्या तीनशे मात्रा ड्रोनने पाठवल्या गेल्या. रस्त्याने अंदाजे चाळीस मिनिटं लागणारी वाट नऊ-दहा मिनिटांत झाली. त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये मणिपूरच्या लोकटक सरोवरातल्या करांग बेटावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अशीच लस पोचवली होती. आफ्रिकेतल्या रवांडात तर २०१६ पासून रक्ताच्या पिशव्या नेमाने उडत्या पेटीतून जातात. डोंगराळ भागातल्या रुग्णालयांना आता जादा रक्त साठवून ठेवावं लागत नाही, मागितलं की येतं.

धानपट्ट्याला याचा अर्थ लगेच कळतो. रोवणी आणि कापणीच्या दिवसांत सर्पदंश होतात, आणि प्रतिविषाची कुपी वेळेवर मिळावी लागते. ती प्रत्येक उपकेंद्रात ठेवणं अवघड, पण तालुक्याहून पंधरा मिनिटांत आली तर? तांत्रिकदृष्ट्या हे शक्य आहे. अडतं ते दोन ठिकाणी. वैमानिकाने यंत्र नजरेआड जाऊ देऊ नये हा आजचा सर्वसाधारण दंडक. नजरेपलीकडचं उड्डाण ही वेगळी परवानगी आणि वेगळी जबाबदारी. दुसरं म्हणजे सातत्य. प्रात्यक्षिकाला फीत कापायला एक दिवस पुरतो. रोज उडायला बॅटरी, दुरुस्ती करणारा, पगार आणि पावसात टिकणारं यंत्र लागतं. रवांडातली सेवा टिकली ती रोज उडली म्हणून.

रस्त्यावर मात्र

आकाशातून खाली उतरलं की गोष्ट एकदम अवघड होते. इटियाडोह धरणाचा सांडवा वाहू लागला की आसपासच्या गावांतून लोकांच्या गाड्या येतात. त्या रस्त्यावर एखादी विनाचालक मोटार सोडली आहे असं समजू. समोरून ट्रिपल सीट मोटारसायकल येते. डाव्या बाजूने गुराखी म्हशी घेऊन निघालाय, त्यातली एक मध्येच थबकते. पुढे अर्धा रस्ता धान वाळत घातलेलं. पांढरी पट्टी कधीकाळी होती. जवळच्या नॉरग्येलिंग या तिबेटी वसाहतीकडे वळणारी गाडी दिवा न देता वळते. माणूस हे सगळं गाणं ऐकत निभावतो. यंत्राची मात्र इथे दमछाक होते, कारण त्याला नुसतं ‘काय आहे’ हे कळून भागत नाही. ‘हे आता काय करेल’ हे ओळखावं लागतं. म्हशीच्या मनातलं गुराख्यालाही नेहमी कळत नाही.

मोटारीच्या स्वयंचलनाचे शून्य ते पाच असे सहा टप्पे मानतात. पुण्याजवळच्या चाकणला बनलेली महिंद्राची एक्सयूव्ही ७०० ही मोटार ऑगस्ट २०२१ मध्ये बाजारात आली, ती दुसऱ्या टप्प्यातली. पुढची गाडी पाहून वेग कमी करणं, टक्कर होण्याआधी ब्रेक दाबणं, पट्टीच्या आत राहणं एवढं ती करते, पण हात स्टिअरिंगवरच ठेवायला सांगते. पट्टीच नसलेल्या रस्त्यावर ही अखेरची सोय मुकाट्याने झोपी जाते.

चौथा टप्पा अमेरिकेत प्रत्यक्षात आलाय. गूगलने २००९ साली सुरू केलेल्या प्रकल्पातून जन्मलेली ‘वेमो’ २०२० पासून फिनिक्स शहरात चालकाशिवाय सामान्य प्रवाशांना नेते, पुढे सॅन फ्रान्सिस्कोतही नेऊ लागली. तिच्या मोटारींवर लेसरने अंतर मोजणारं यंत्र, रडार आणि कॅमेरे असतात, आणि ठरलेल्या भागाचा इंचाइंचाचा नकाशा आधीच पोटात असतो. तरी एखाद्या ठिकाणी मोटार गोंधळली की ती दूरच्या केंद्रात बसलेल्या माणसाला विचारते. धुऱ्यावरचा माणूस तिथेही आहेच, फक्त धुरा फार लांब गेलाय.

चुकीची किंमतही तिथल्या लोकांनी पाहिली. १८ मार्च २०१८ च्या रात्री अॅरिझोनातल्या टेम्पी शहरात उबरच्या चाचणी मोटारीने हातात सायकल धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला उडवलं. समोर काय आहे हे यंत्राने पुन्हा पुन्हा वेगळं ठरवलं, कधी वाहन, कधी सायकल, आणि देखरेखीला बसवलेल्या चालकाचं लक्ष रस्त्यावर नव्हतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘क्रूझ’च्या मोटारीने दुसऱ्या वाहनाच्या धडकेने पुढ्यात पडलेल्या महिलेला फरपटत नेलं, कंपनीला सेवा थांबवावी लागली आणि २०२४ च्या अखेरीस जनरल मोटर्सने या धंद्यातून पैसाच काढून घेतला. सायकल हातात धरून चालणारी बाई ही अर्जुनी मोरगावच्या रस्त्यावर दर फर्लांगावर दिसते.

म्हणूनच भारतात यंत्राला आधी भारतीय रस्ता शिकवावा लागतो. हैदराबादच्या आयआयआयटीने इंटेलच्या साथीने २०१८ साली आपल्या रस्त्यांची दहा हजार छायाचित्रं खुणा करून जगापुढे ठेवली. त्यांत ऑटोरिक्षा आहे, जनावर आहे, रस्त्याच्या कडेची माती आहे. परदेशी संग्रहांत या गोष्टींना फारशी जागा नव्हती. विदर्भातला प्रयोग त्याहून व्यवहारी होता. सप्टेंबर २०२१ मध्ये नागपुरात ‘आयरास्ते’ प्रकल्प सुरू झाला. महापालिकेच्या बसमध्ये चालकाला सावध करणारं यंत्र बसवलं. समोर कोणी आलं, अंतर कमी झालं की ते वाजायचं, आणि कुठल्या चौकात ते वारंवार वाजतं याचीही नोंद व्हायची. अपघात घडून माणसं गेल्यावर जागेला ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणतात. हा प्रकल्प त्याआधीचे ‘ग्रे स्पॉट’ शोधत होता. चालक हटवायचा नाही, त्याला तिसरा डोळा द्यायचा.

धोरणही त्याच बाजूला झुकलेलं आहे. नागपूरचे खासदार आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरातच स्पष्ट सांगितलं, की चालकांचा रोजगार जाणार असेल तर विनाचालक मोटारींना भारतात येऊ देणार नाही. दार पूर्ण बंद नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम २-ब संशोधनासाठी काही वाहनांना सूट द्यायची मुभा सरकारला देतं. पण चालकाचा परवाना आजही माणसालाच मिळतो, आणि अपघाताचा गुन्हा माणसावरच नोंदवला जातो.

आधी काय, मग काय

या सगळ्याचा क्रम लावला तर तो असा दिसतो. कुंपणातला रूळ सगळ्यात सोपा. २८ डिसेंबर २०२० रोजी दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा मार्गावर चालकाशिवाय गाडी धावली, कारण तिथे म्हैस येत नाही. त्यानंतर आकाश. चारशे फुटांखालचं आकाश जवळजवळ रिकामं आहे. पक्षी, तारा आणि झाडं सोडली तर अडवणारं कोणी नाही. मग शेत, महिंद्राने २०१७ साली चालकाशिवाय चालणारा ट्रॅक्टर दाखवला होता. मोठ्या, सपाट शेतात तो येईल, चिखलणीच्या बांधीत मात्र वेळ लागेल. त्यानंतर समृद्धी महामार्गासारखा बंदिस्त रस्ता. ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरांच्या या रस्त्यावर सरळ, एकसुरी वाटेने चालकाला डुलकी लागणं हाच मोठा धोका आहे, आणि ट्रकला पट्टीत ठेवणारं, चालक पेंगला तर जागं करणारं यंत्र तिथे खरोखर उपयोगाचं आहे. गावाचा रस्ता यादीत शेवटचा. तो पुढच्या पंधरा-वीस वर्षांत विनाचालक होईल असं मानायला आज कुठलंही कारण दिसत नाही.

रोजगाराचं गणितही या क्रमानेच बदलेल. ड्रोन आला की पाठीवर पंप घेऊन फिरणाऱ्या मजुराची मजुरी घटेल. विषबाधेचा धोकाही घटेल. हंगामात एका यंत्राला पुरेशी एकरं मिळाली तरच त्याचा हप्ता फिटेल, आणि धानाचा हंगाम छोटा असतो. उन्हाळी धान, भाजीपाला, नहराची पाहणी, पुरानंतरचा पंचनामा अशी वर्षभराची कामं मिळाली तर धंदा टिकेल. नाहीतर अनुदानातून आलेल्या अनेक यंत्रांप्रमाणे ड्रोन कोठीत, कापडाखाली जाऊन बसेल. कृषी विद्यापीठं, सहकारी संस्था आणि ग्रामपंचायती यांना करण्यासारखं काम इथे आहे. तालुक्याच्या गावी दुरुस्तीचं एक दुकान आणि भाड्याने बॅटरी मिळायची सोय झाली, तर योजनेच्या दहा जाहिरातींहून तिचा उपयोग जास्त होईल.

मनुष्यबळाचं म्हणाल तर ते इथेच आहे. बिरसीत वैमानिक व्हायला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित लागतं, आणि प्रशिक्षणाचा खर्च लाखांच्या घरात जातो. धुऱ्यावरच्या वैमानिकाला वय १८ ते ६५, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं काही दिवसांचं प्रशिक्षण एवढंच पुरतं. मिळालेलं प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं.